बंदी येण्याआधी काडतुसं-मॅगझिन साठवणं : गुंतवणूक म्हणून जमतं का?

पठारवासी

मुक्काम कोलोरॅडो. इथे २०२५ साली एसबी २५-००३ या राज्याच्या बंदूक-विधेयकावर सही झाली. १ ऑगस्ट २०२६ पासून काढता येणारं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) असलेल्या बहुतेक सेमी-ऑटो (दर वेळी चाप ओढला की एक गोळी) रायफली घ्यायच्या तर आधी प्रशिक्षण आणि शेरीफकडचं कार्ड लागणार. काडतुसांवर आणि बंदुकांवर १ एप्रिल २०२५ पासून ६.५ टक्के राज्यकर आहेच. पुढेमागे केंद्रातही वारं फिरलं की काही रायफलींवर आणि मोठ्या मॅगझिनांवर १९९४ सारखी बंदी येईल, असं धरून पुढचा साठा करायचा विचार आहे. हेतू निव्वळ गुंतवणूक. चार-पाच वर्षं ठेवायचं, भाव चढले की विकायचं.

९ एमएम : १०,००० राउंड (गोळ्या), साधारण २३ सेंटने
५.५६ : ५,००० राउंड, साधारण ४५ सेंटने
बावीस एलआर : १०,००० राउंड
पीमॅग, ३० राउंडची : १०० नग
एआर-१५ रायफलीचे स्ट्रिप्ड लोअर (खालचा नुसता सांगाडा) : १० नग
स्मॉल पिस्टल प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटवणी) : २०,०००

सगळं मिळून साडेआठ हजार डॉलरच्या घरात जातं. मी ग्रीन कार्डवर आहे. घरात धाकटा भाऊ राहतो, तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. ठेवायला गॅरेज आहे. आकड्यांत आणि कायद्यात कुठे चूक आहे ते स्पष्ट सांगा.

हिशेबनीस

आधी फक्त ९ एमएमचा हिशेब करू, कारण त्याचे भाव रोज दिसतात.

१०,००० राउंड गुणिले २३ सेंट म्हणजे २,३०० डॉलर. दुकानदार ६.५ टक्के पुढे ढकलतो, वर विक्रीकर साधारण ८ टक्के. झाले २,६३० च्या आसपास. डबे, सिलिका जेल वगैरे धरून २,८०० म्हणा. तुमची गोळी २८ सेंटला पडली.

विकताना तुम्ही दुकान नाही. अनोळखी माणसाकडून घेणारा किमान दहा टक्के कमी देतो, कारण त्याला माल कसा ठेवला होता ते माहीत नसतं. म्हणजे तुमचे २८ सेंट सुटायचे तर दुकानातला भाव ३१ सेंट हवा. आजच्यापेक्षा ३५ टक्के चढ, आणि नफा शून्य.

आता हेच २,८०० डॉलर पाच वर्षं ४ टक्क्यांच्या सरकारी रोख्यात ठेवले तर ३,४०० होतात. त्याची बरोबरी करायला दुकानभाव ३८ सेंट लागेल. असे भाव येतात, नाही असं नाही. पण ते काही महिने टिकतात आणि नेमके त्याच महिन्यांत तुम्हाला १२० किलो माल विकून मोकळं व्हायचं असतं. ९ एमएमची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची, म्हणून १२० किलो. तो माल पोस्टाने पाठवता येत नाही. अमेरिकन टपाल खातं काडतुसं घेतच नाही, आणि खाजगी कुरियर आता साध्या माणसाकडून घ्यायला तयार नसतात. गावातल्या गावात, हातोहात, पाचशे-हजाराच्या पटीत विकावं लागेल.

कलमबहाद्दर

भावाच्या आधी कायदा. तुमच्या यादीतल्या दोन ओळी आजच काढून टाका.

पहिली, पीमॅगची. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पासून १५ पेक्षा जास्त राउंडचं मॅगझिन विकणं, देणं, जवळ ठेवणं बंद आहे. सूट आहे ती त्या तारखेआधीपासून ज्याच्याकडे सलग आहे त्यालाच. आज शेजारच्या वायोमिंगमधून ३० राउंडची शंभर मॅगझिनं आणलीत तर तो साठा नाही, शंभर नगांचा पुरावा आहे. काही दुकानांत ती वेगळ्या नावाने, सुटे भाग म्हणून मिळतात. त्यावर विसंबू नका. एसबी २५-००३ ने याची शिक्षाही वाढवली आहे.

दुसरी, लोअरची. अमेरिकन कायद्यात एआर-१५ चा लोअर हीच बंदूक. त्यावर सीरियल नंबर असतो, घेताना ४४७३ फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासणी होते. नफ्यासाठी बंदुका घ्यायच्या आणि विकायच्या तर एफएफएल, म्हणजे केंद्राचा परवाना लागतो. २०२२ च्या दुरुस्तीआधी 'उपजीविका आणि नफा' असा शब्दप्रयोग होता, आता 'मुख्यतः नफा मिळवणं' एवढंच पुरतं. स्वतःचा संग्रह सुधारण्यासाठी अधूनमधून एखादी विकली तर हरकत नाही. पण एकाच मॉडेलचे दहा नग, खोकं न उघडलेले, आणि वर लेखी कबुली की हेतू निव्वळ गुंतवणूक, हे त्या सवलतीत बसत नाही. विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एटीएफने, म्हणजे केंद्राच्या बंदूकविषयक खात्याने, २०२४ साली यावर नियम काढला, तो न्यायालयात अडकला. त्याचं काहीही झालं तरी मूळ कायद्यातले शब्द तिथेच आहेत. शिवाय कोलोरॅडोत १ जुलै २०२५ पासून दुकानदाराला राज्याचा वेगळा परवानाही लागतो.

काडतुसांना ही परवान्याची अट नाही. तयार काडतुसं विकायला केंद्राचा परवाना लागत नाही, बनवून विकायला लागतो. घरी भरलेली काडतुसं विकायची असतील तर टाइप ०६ एफएफएल हवाच.

सायली_एनजे

तुमच्या धाकट्या भावाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण आपल्या लोकांत याच ठिकाणी सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाने बंदूकच नव्हे, एक काडतूसही जवळ ठेवणं गुन्हा आहे. मुख्य अपवाद शिकारीच्या परवान्याचा. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध हंटिंग लायसन्स असेल तर बंदी लागत नाही. बरेच एच-१बी वाले हाच मार्ग घेतात. पण तो परवाना बहुधा वर्षाचा असतो. मुदत संपली आणि कपाटात काडतुसं राहिली तर त्या दिवसापासून ताबा बेकायदेशीर. नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतकीच जपायची.

'जवळ' याचा अर्थ खिशात असा नाही. गॅरेजची किल्ली भावाकडे आहे, डबे उघडे आहेत, त्याला माहीत आहे, एवढ्यावर त्याचाही ताबा आहे असं सरकार म्हणू शकतं. म्हणून सगळा माल तुमच्या एकट्याच्या कुलपात हवा. किल्ली किंवा आकडा त्याला माहीत नसावा.

आणि त्याच्यासाठी तुमच्या नावावर बंदूक घेणं हा वेगळा, जास्त मोठा गुन्हा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेण्यावर २०२२ पासून स्वतंत्र कलम आहे, १५ वर्षांपर्यंत शिक्षा. ग्रीन कार्ड असलेल्यालाही शस्त्रगुन्ह्यात शिक्षा झाली की हद्दपारीचं कारण तयार होतं. अमेरिकन नागरिक दंड भरून सुटेल अशा प्रकरणात आपला माणूस देश गमावू शकतो. साडेआठ हजाराच्या गुंतवणुकीत ही जोखीम कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर, तुम्हाला शिकार परवान्याची गरज नाही.

पठारवासी

सायलीताई, भावाचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. त्याच्याकडे शिकारीचा परवाना नाही. लोअर आणि पीमॅग यादीतून काढले. पण बंदी आली की भाव चढतो हे तर खरं ना? १९८६ च्या मशीनगनचं उदाहरण सगळीकडे देतात.

हिशेबनीस

खरं, आणि तेच उदाहरण दिशाभूल करतं. बंदी म्हणजे नेमकं काय बंद होतं, यावर सगळं अवलंबून आहे.

१९ मे १९८६ ला नव्या मशीनगनची नागरिकांसाठी नोंदणी थांबली. आधी नोंदलेल्या मात्र विकता-घेता येत राहिल्या. पुरवठा कायमचा गोठला, बाजार उघडा राहिला, प्रत्येक नग केंद्राच्या नोंदवहीत. त्या वेळी हजार-दीड हजारात मिळणारी एम१६ आज तीस हजारांच्या पुढे जाते. अशा तीन अटी एकत्र जुळल्या तरच असं होतं.

१९९४ ची बंदी वरवर तशीच होती. १३ सप्टेंबर १९९४ पासून १० पेक्षा मोठी नवी मॅगझिनं नागरिकांसाठी बंद, जुनी विकायला मोकळी. पण बंदी येणार हे महिनोन्महिने माहीत होतं, कारखान्यांनी रात्रंदिवस माल काढला, बंदीआधी परदेशात बनलेली मॅगझिनं नंतरही लाखांनी आयात होत राहिली. रायफलींचे भाव बंदीच्या आधीच्या वर्षात साधारण निम्म्याने चढले आणि बंदी लागू झाल्यावर उतरले, हे न्याय खात्यासाठी झालेल्या अभ्यासात नोंदलेलं आहे. म्हणजे चढाव भीतीच्या काळात होता, बंदीच्या काळात नाही. काही मॅगझिनं मात्र दहा वर्षं महाग राहिली, ग्लॉक पिस्तुलाची त्यात होती. १३ सप्टेंबर २००४ ला कायद्याची मुदत संपली आणि त्या साठ्याची किंमत एका दिवसात साध्या नव्या मॅगझिनएवढी झाली.

हल्ली राज्यं करतात त्या बंदीचा साचा निराळा आहे. वॉशिंग्टनमध्ये १ जुलै २०२२ पासून १० पेक्षा मोठी मॅगझिनं ठेवता येतात, राज्यात विकता येत नाहीत. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२३ पासून रायफलीला १० आणि पिस्तुलाला १५ च्या वर विक्री बंद. कोलोरॅडोचं वर आलंच. इथे साठा तुमचाच राहतो, पण त्याला राज्यात गिऱ्हाईक उरत नाही. भाव वाढला असं कागदावर दिसतं, घेणारा राज्याबाहेर.

सायली_एनजे

आणि न्यू जर्सीत तर ठेवताही येत नाहीत. २०१८ च्या जूनमध्ये मर्यादा १५ वरून १० वर आणली, १८० दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात राज्याबाहेर विका, कायमस्वरूपी १० वर अडवून घ्या किंवा जमा करा. भरपाई नाही. त्या सहा महिन्यांत सगळेच विकायला निघाले, मग भाव कोण देणार?

कलमबहाद्दर

बम्प स्टॉकचं, म्हणजे सेमी-ऑटो रायफल भराभर झाडायला लावायच्या दस्त्याचं, उदाहरण जोडतो. डिसेंबर २०१८ ला नियम निघाला, २६ मार्च २०१९ पासून जवळ ठेवणंच गुन्हा. नष्ट करा किंवा एटीएफला द्या, पैसे मिळणार नाहीत. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी तोडून टाकले त्यांना काहीच मिळालं नाही. पिस्तुलाच्या ब्रेसचंही (हाताला टेकवायच्या आधाराचं) तेच : जानेवारी २०२३ ला नियम, २०२४ मध्ये न्यायालयाने उडवला. नियामक नियमावर पैसे लावणं म्हणजे खटल्याच्या निकालावर पैसे लावणं.

टेक्सासचा_तात्या

काडतुसांकडे वळतो. गॅरेज हा शब्द वाचून लिहायला बसलो.

गॅरेज नको. पोटमाळा तर मुळीच नको. डेन्व्हरची हवा कोरडी आहे हे तुमच्या बाजूचं, पण उन्हाळ्यात बंद गॅरेजचं तापमान दिवसभर वरखाली होतं आणि दारूला तेच मारतं. आजची पावडर नायट्रोसेल्युलोजची. ती स्वतःहून हळूहळू विघटित होते, आम्लधर्मी वायू सोडते. ते शोषायला तिच्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो, बहुधा डायफेनिलअमीन. उष्णता वाढली की स्टॅबिलायझर लवकर संपतो. मग आम्ल आतून पितळ खातं, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) मानेला चिरा जातात, दाब बेभरवशाचा होतो. बाहेरून गोळी चकचकीत दिसत असते. घरातल्या, एसी-हीटरच्या तापमानात ठेवलेली कारखान्याची काडतुसं दशकानुदशकं चालतात.

दमटपणा ही दुसरी गोष्ट. तळघरात ठेवणार असाल तर फरशीवर थेट नाही, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून चार बोटं लांब. लष्करी पन्नास कॅलिबरचा डबा, एम२ए१, उत्तम. पण वापरलेला घ्याल तर झाकणाची रबरी पट्टी आधी तपासा. पट्टी बोटाने दाबा : परत फुगून वर यायला हवी. दबलेली राहिली किंवा भेगा दिसल्या तर तो डबा पाणी रोखत नाही. दिव्याची युक्तीही सोपी आहे : मोबाइलचा टॉर्च पेटवून आत ठेवा, झाकण लावा, अंधाऱ्या खोलीत कडा बघा. उजेडाची रेघ दिसली तर हवा आत जाते.

एका डब्यात ९ एमएम खोक्यांसकट हजाराच्या आतबाहेर बसतात, नुसत्या मालाचं वजन बारा-तेरा किलो. सिलिका जेलची पुडी आणि दमटपणा दाखवणारं कार्ड आत टाका. ५० टक्क्यांच्या खाली राहू द्या. डबा बंद करायचा तो कोरड्या दिवशी, पावसात उघडून बसायचं नाही.

तेल, डब्लूडी-४० असलं काही काडतुसांवर फवारू नका. पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपतं, गोळी मरते किंवा उशिरा पेटते. उशिरा पेटणं जास्त धोक्याचं.

विकायचा विचार असेल तर सगळ्यात महत्त्वाचं : मूळ खोकं आणि लॉट नंबर. सुटी गोळी कितीही चांगली असली तरी घेणाऱ्याला ती कोणी घरी भरली आहे का ते कळत नाही. कारखाना एखादा लॉट परत मागवतो तेव्हा तो लॉट नंबरनेच मागवतो. खोकं फेकलंत तर तुमच्या मालाची ओळखच गेली.

पुन्हाभरणी

प्रायमरवर कोणी बोललं नाही. वीस हजार ठेवू नका.

एनएफपीए ४९५ या आगीच्या मानकात राहत्या घरात प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. बहुतेक गावांचे आग-नियम याच मानकावरून घेतलेले असतात, काही ठिकाणी त्याहून कडक. स्मोकलेस पावडर २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात चालते, २० ते ५० पौंड असेल तर किमान एक इंच जाडीच्या फळ्यांचं लाकडी कपाट. लाकूडच का, लोखंडी तिजोरी का नाही? पावडर बंद पोलादात पेटली तर दाब साठतो आणि तिचा बॉम्ब होतो. लाकूड फुटून वाट देतं. म्हणून पावडर कधीही बंदुकीच्या तिजोरीत नाही, लष्करी डब्यातही नाही.

प्रायमर मूळ ट्रेमध्येच ठेवायचे. त्यांच्यात प्रत्येकाला वेगळा कप्पा असतो, त्यामुळे एक पेटला तर सगळे एकदम पेटत नाहीत. बरणीत ओतून ठेवलेले हजार प्रायमर म्हणजे बरणीभर स्फोटक. हे कोणी कधीही करू नये.

भावाचं म्हणाल तर सगळ्यात मोठे हेलकावे प्रायमरनेच खाल्ले. २०१९ मध्ये हजाराला तीस डॉलरच्या आसपास, २०२१ मध्ये गन शोला दीडशे-दोनशे. पण त्यामागे कायदा नव्हता. त्या वेळी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर करणारी नावं चार : सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. रेमिंग्टन जुलै २०२० मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली, आर्कान्सातल्या लोनोकचा कारखाना काही काळ ठप्प. बाकीच्यांनी प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांना वापरले, सुटे विकायला उरलेच नाहीत. त्याच वर्षी करोना, दंगली आणि निवडणूक. पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा २०१९ च्या २ कोटी ८४ लाखांवरून २०२० मध्ये जवळजवळ ४ कोटींवर गेला.

हिशेबनीस

याच अनुषंगाने मागचे झटके एकत्र बघा.

डिसेंबर २०१२ ते २०१३ : सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर बंदीची चर्चा. बावीस एलआर तीन-चार सेंटांवरून दहा-बारावर. केंद्रात कायदा झालाच नाही. तरी ही गोळी दोन-तीन वर्षं मिळेना, कारण रिमफायरची (बुडाच्या कडेवर ठोकून पेटणाऱ्या काडतुसांची) यंत्रं वेगळी असतात आणि कारखाने एका गर्दीसाठी नवी यंत्रं टाकत नाहीत.

२०१५ फेब्रुवारी : एटीएफने एम८५५, ती हिरव्या टोकाची ५.५६, चिलखतभेदी ठरवण्याचा प्रस्ताव ठेवला. आठवड्यात दुकानं रिकामी, मार्चमध्ये प्रस्ताव मागे. चढ्या भावाने घेतलेले महिनोन्महिने अडकले.

२०१६ : सगळ्यांनी हिलरी क्लिंटन निवडून येणार असं धरून माल भरला. निकाल उलटा. २०१७ मध्ये सवलतींवर सवलती, मार्च २०१८ मध्ये रेमिंग्टनची पहिली दिवाळखोरी. साठेबाजाला एकच चुकीचा अंदाज किती पडतो ते इथे दिसतं.

२०२० : ९ एमएम १८ सेंटांवरून २०२१ च्या सुरुवातीला ७० च्या वर. २०२३ पर्यंत पुन्हा पंचविशीच्या आसपास.

२०२१ सप्टेंबर : रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी. टूला, वुल्फ, बर्नाउलची स्वस्त पोलादी केसची ७.६२x३९ हळूहळू बाजारातून गेली. यात मात्र भाव खाली आलाच नाही, कारण पुरवठ्याचा मूळ झराच बंद झाला आणि ठेवण्या-विकण्यावर काही बंधन नव्हतं. २०१४ एप्रिलमध्ये ५.४५ च्या ७एन६ या रशियन काडतुसाचं तसंच झालं होतं. माझ्या मते या सगळ्या यादीत शहाणी गुंतवणूक एवढ्या दोनच ठरल्या, आणि दोन्ही आयातीच्या आदेशातून, आगाऊ सूचना न देता आल्या. वर्तमानपत्रात चर्चा सुरू झाल्यावर घेणारा प्रत्येक जण उशिरा असतो.

आता तुमच्या एसबी २५-००३ कडे या. तो रायफलींना लागतो, काडतुसांना नाही, आणि बावीस रिमफायरला सूट आहे. पिस्तुलांतली फक्त गॅसवर (दारूच्या वायूच्या दाबावर) चालणारी त्यात येतात. साधी ग्लॉकसारखी पिस्तुलं तशी चालत नाहीत म्हणून तीही बाहेर. मग त्या कायद्यामुळे ९ एमएम आणि बावीसचा भाव का चढावा?

कलमबहाद्दर

कर आणि विमाही लक्षात घ्या.

विकून नफा झाला तर तो करपात्र. वर्षाच्या आत विकलं तर साध्या उत्पन्नासारखा. स्वतःच्या वापराची वस्तू तोट्यात गेली तर तो तोटा दाखवता येत नाही. म्हणजे अशा वस्तूच्या नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे.

घराच्या विम्यात बंदुका आणि त्यांच्या सामानाच्या चोरीसाठी बहुधा वेगळी कमाल मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींत ती २,५०० डॉलर आहे. साडेआठ हजारांचा माल असेल तर पुरवणी घ्यावी लागते. विमा कंपनीला नग, लॉट आणि पावत्या लागतात.

विकताना : घेणारा प्रतिबंधित आहे असं माहीत असेल किंवा वाटायला कारण असेल तर विकणं केंद्राचा गुन्हा. १८ खालच्याला पिस्तुलाची काडतुसं नाहीत. खाजगी माणसावर केंद्राचा कागद ठेवायचं बंधन नाही, तरी राज्याचं ओळखपत्र बघा आणि विक्रीची साधी पावती करून ठेवा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये गिऱ्हाईक शोधू नका. तिथे काडतुसांची विक्री परवानाधारकामार्फत, तपासणीनंतरच होते : कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून, न्यूयॉर्कमध्ये १३ सप्टेंबर २०२३ पासून. न्यू जर्सीत पिस्तुलाची काडतुसं घ्यायला आयडी कार्ड लागतं.

पठारवासी

सगळ्यांचे आभार. मग यादी अशी करतो :

९ एमएम ३,००० आणि बावीस ५,०००, दोन्ही स्वतःच्या सरावासाठी. ५.५६ चे १,०००. प्रायमर नाहीत, कारण भरणी मी करत नाही. १५ राउंडची कायदेशीर मॅगझिनं सहा. उरलेले पैसे रोख्यात. सगळं घरात, माझ्या एकट्याच्या किल्लीच्या कपाटात. बरोबर का?

टेक्सासचा_तात्या

बरोबर. दोन भर घालतो.

मॅगझिन भरून ठेवली तर स्प्रिंग मरते असं अजूनही सांगतात. चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने थकत नाही, वारंवार दाबून-सोडून थकते. झिजतात ते मॅगझिनचे ओठ आणि फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारी पट्टी). सहा मॅगझिनांवर रंगाने आकडे टाका. अडकणारं मॅगझिन कुठलं ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस आकड्यावरून कळतं. एकाच आकड्यावर दोनदा अडकली तर ते बाजूला काढा. सुट्या भागांत पैसे घालायचेच असतील तर भाव वाढण्यासाठी नाही, टंचाईत बंदूक चालू राहावी म्हणून : एआरला एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग, गॅस रिंगांचा संच, फायरिंग पिन, बफर स्प्रिंग. पिस्तुलाला रिकॉइल स्प्रिंग. हे सगळं दीडशे डॉलरच्या आत येतं आणि टंचाईत आधी हेच गायब होतं.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून कॅलिबर, लॉट आणि खरेदीचा महिना लिहा. जुनं आधी वापरायचं, नवं मागे लावायचं. म्हणजे साठा ताजा राहतो आणि तुम्ही घेतलेली सरासरी किंमत आपोआप भावाच्या हेलकाव्यातून सपाट होते.

सायली_एनजे

किल्लीचं ठीक. सरावाला भावाला बरोबर नेणार असाल तर तिथेही अडचण आहे. शिकारीच्या परवान्याशिवाय एफ-१ वाल्याने रेंजवर (नेमबाजीच्या जागी) हातात बंदूक घेणं हासुद्धा ताबाच. काही रेंज भाड्याने बंदूक देतात, फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न विचारतात, तिथे चुकीची खूण करून चालत नाही. आधी त्याचा परवाना काढा. कोलोरॅडोत त्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. तेच प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल तर एसबी २५-००३ चं प्रशिक्षण १२ तासांऐवजी ४ तासांत होतं, तेव्हा दोघांनी एकदम करा.

पठारवासी

हे उत्तम. डिसेंबरात दोघं मुंबईला जाणार आहोत, त्याआधी प्रमाणपत्र उरकतो.

कलमबहाद्दर

मुंबईला जाणार म्हणालात म्हणून : रेंजला वापरलेली सॅक, पाउच, जॅकेट यांतलं एकही भारतात नेऊ नका. अस्तराच्या शिवणीत, पाण्याच्या बाटलीच्या जाळीत, पेनाच्या कप्प्यात बावीसची एखादी गोळी राहते. ती इथल्या तपासणीतून सुटली तरी परतताना सहार विमानतळाच्या क्ष-किरणात दिसते. मग १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २५ लागून गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक ताबा नसेल तर गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल आणि १९९४ च्या संजय दत्त प्रकरणांत सांगितलं आहे आणि त्या आधारावर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्दही करतात. पण तोवर विमान गेलेलं असतं, पोलीस ठाणं आणि वकील मागे लागलेले असतात, आणि भावाच्या व्हिसाच्या पुढच्या अर्जात अटकेचा प्रश्न येतो. रिकामी केससुद्धा नको, तिच्यावरूनही चौकशी होते. प्रवासाची बॅग वेगळी ठेवा, ती रेंजवर कधीच न्यायची नाही.